रस्त्याच्या पट्ट्यातल्या काचेच्या बारीक मण्यांचा अपवर्तनांक कसा मोजायचा?

पट्टेवाला_६५ | सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी रस्त्यावर पांढरे-पिवळे पट्टे मारायच्या कामावर सुपरवायझर आहे. सध्या सोलापूरच्या बाहेर, हैदराबादच्या बाजूला काम चालू आहे. थर्मोप्लास्टिकचा पट्टा गरम असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात, आम्ही त्यांना बीड्स म्हणतो. गाडीच्या दिव्याचा उजेड त्यांच्यात शिरून परत ड्रायव्हरकडे येतो, म्हणून पट्टा रात्री चमकतो.

नव्या लॉटचा पट्टा रात्री मंद दिसतोय. आमचे मालक म्हणतात बीड्स खराब. पुरवठादार म्हणतो माल एक नंबर, तुमच्या पोरांचं काम कच्चं. निविदेत अपवर्तनांक (काच उजेड किती वाकवते तो आकडा) किमान १.५० पाहिजे असं लिहिलंय, पोत्यावरही तेच छापलंय. छापायला काय लागतं?

तर प्रश्न असा की साखरेपेक्षा बारीक मालाचा अपवर्तनांक मोजायचा कसा? बारावीत काचेच्या ठोकळ्याला टाचण्या लावून काढला होता. इथे टाचणी कुठे लावू?

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०:०५

टाचणीच्या टोकावर मणी बसवा की ओ.

होटगीरोड | सोमवार, रात्री १०:२०

कशाला डोकं लावताय? पोतं परत पाठवा, दुसरं मागवा. ह्या धंद्यात वीस वर्षं झाली, अपवर्तनांक मोजणारा माणूस अजून बघितला नाही.

ब्रिक्समामा | सोमवार, रात्री १०:४१

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे म्हणून बोलतो. आमच्याकडे ॲबेचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे अपवर्तनांक मोजायचं यंत्र, असतो, साधारण १.३ ते १.७ पर्यंत वाचतो. पण त्याच्या प्रिझमवर मणी पसरून काही दिसणार नाही. प्रिझमला पदार्थ सपाट चिकटून बसावा लागतो. गोल मणी जेमतेम एका बिंदूवर टेकतो, बाकी सगळी हवा.

भुकटी पांढरी दिसते त्याचं कारणही हेच. काचेचा एक पृष्ठभाग समोरून पडलेल्या उजेडाचे चार टक्क्यांहून थोडे जास्त परत पाठवतो. हजारो कण, प्रत्येकाला दोन बाजू, उजेड आत घुटमळतो आणि सगळीकडून बाहेर येतो. तीच भुकटी पाण्यात टाका, परावर्तन अर्ध्या टक्क्याच्या आत येतं आणि भुकटी निम्मीशिम्मी पारदर्शक होते. पाण्याऐवजी काचेइतक्याच अपवर्तनांकाचं तेल घेतलं तर परावर्तन शून्य. भुकटी गायब.

म्हणजे मोजायचं ते तेल. भुकटी ज्या तेलात दिसेनाशी होते, त्या तेलाचा आकडा तोच भुकटीचा आकडा. तेलाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवायला काहीच अडचण नाही.

गारगोटी | मंगळवार, सकाळी ७:१५

मामांनी मुद्दा नेमका सांगितला. मी भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. दगडाचं चूर्ण तेलात बुडवून खनिज ओळखायचं हे आमचं रोजचं काम होतं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पट्टेवाले, तुम्हाला आकडा हवाच आहे असं नाही. तुम्हाला एवढंच ठरवायचं आहे की माल १.५० च्या वर आहे की खाली. त्यासाठी १.५० चं एकच तेल पुरतं. त्यात मणी ठेवा आणि मायक्रोस्कोपखाली बघा.

काय बघायचं? कणाच्या कडेला एक बारीक उजळ रेघ दिसते. बेक नावाच्या ऑस्ट्रियन खनिजशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिचा उपयोग दाखवून दिला, म्हणून ती बेक रेषा. कण नीट फोकसमध्ये आणा, मग भिंग आणि काचपट्टी यांच्यातलं अंतर किंचित वाढवा. रेघ ज्या बाजूला सरकते त्या बाजूचा अपवर्तनांक जास्त. रेघ कणाच्या आत गेली तर काच तेलापेक्षा वरचढ, म्हणजे पास. बाहेर तेलात पसरली तर नापास.

हल्लीच्या बऱ्याच मायक्रोस्कोपमध्ये नळी हलत नाही, खालचा मंच हलतो. अंतर वाढवायचं म्हणजे मंच खाली न्यायचा. स्क्रू कुठल्या दिशेने फिरवला की मंच खाली जातो ते आधी बाजूने डोळ्यांनी बघून घ्या. विद्यार्थी इथे हमखास उलटं उत्तर काढतात. आणि मंचाखालची उजेड कमी-जास्त करायची झडप बरीच मिटून घ्या, नाहीतर उजेडाच्या पुरात रेघ दिसणारच नाही. चाळीस ते शंभर पट मोठं दिसलं की भागतं.

अख्खा मणी स्वतःच भिंग असतो, त्यामुळे त्याची कड फसवी. थोडे मणी खलबत्त्यात फोडून घ्या. पाण्याचे दोन थेंब टाकले की भुकटी उडत नाही. नंतर पूर्ण वाळवा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, काच आहे.

पट्टेवाला_६५ | मंगळवार, दुपारी १:३०

सर, लै भारी समजावलं. भाच्याच्या कॉलेजात मायक्रोस्कोप मिळेल. पण १.५० चं तेल आणायचं कुठून? दुकानात जाऊन काय मागू?

वैदेही_भौतिक | मंगळवार, दुपारी २:१०

तयार तेलांचे संच मिळतात, पण महाग. तुमच्या कामाला घरचं मिश्रण चालेल. एरंडेल साधारण १.४७८. लवंग तेल १.५३ च्या आसपास. दोन्ही एकमेकांत मिसळतात. तीन भाग एरंडेल आणि दोन भाग लवंग तेल घेतलं की १.५० च्या जवळ पोचता. ग्लिसरीन नको, ते १.४७३ ला थांबतं, पाणी घातलं की अजून खाली.

विंटरग्रीन, म्हणजे गंधपुऱ्याचं तेलही चालेल, १.५३६. मेडिकलमध्ये खरजेसाठी बेंझिल बेंझोएट मिळतं आणि शुद्ध बेंझिल बेंझोएट १.५६८ असतं, पण दुकानातलं औषध म्हणजे पाण्यातलं दुधाळ मिश्रण. ते आणू नका.

जुन्या पुस्तकांत कार्बन डायसल्फाइड, ॲनिलिन, ब्रोमोनॅप्थलिन असली नावं सापडतील. विषारी आहेत, घरी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २:२५

एरंडेल, लवंग, गंधपुरा... रस्ता बांधताय का आजीचा बटवा?

ब्रिक्समामा | मंगळवार, रात्री ९:००

ताईंचं प्रमाण बरोबर आहे, पण बाजारातल्या लवंग तेलाचा भरवसा नाही, भेसळ असते. मिश्रण मोजूनच घ्या.

मध तपासायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर कोणाकडे असेल तर बघा. तो ५८ ते ९० ब्रिक्स, म्हणजे साखरेची टक्केवारी, वाचतो. १.५० म्हणजे ८३-८४ ब्रिक्स. उसाच्या फडात नेतात तो ० ते ३२ वाला उपयोगाचा नाही, तो १.३८ लाच संपतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. हातातल्या यंत्रावर एटीसी लिहिलेलं असतं, म्हणजे तापमानाची दुरुस्ती ते आपोआप करतं. ही दुरुस्ती साखरेच्या पाण्यासाठी बसवलेली असते. साखरेच्या पाण्याचा अपवर्तनांक अंशामागे ०.०००१ ते ०.०००२ उतरतो, तेलाचा ०.०००४. शिवाय यंत्र तुम्हाला २० अंशांचा साखरेचा आकडा काढून देतं, आत्ता तुमच्या तेलाचा काय आहे ते सांगत नाही. तेलासाठी एटीसी म्हणजे शहाणपणा करणारा कारकून.

गारगोटी | बुधवार, सकाळी ६:४०

मामांनी तापमान काढलं ते बरं केलं. सोलापुरात एप्रिल-मे मध्ये हाच खरा घोटाळा आहे.

समजा तुम्ही कुठल्यातरी थंड प्रयोगशाळेतून २५ अंशांवर बरोबर १.५०० मोजलेलं तेल आणलं. दुपारी पत्र्याच्या साइट ऑफिसात ४२ अंश. सतरा अंशांचा फरक, गुणिले ०.०००४. तेल १.४९३ वर उतरलं. काच मात्र जवळपास जागची हलत नाही. आता १.४९६ चा माल आला तर त्या तेलात रेघ आत जाणार आणि नापास पोतं पास होणार. गरमीत चूक नेहमी पुरवठादाराच्या बाजूने होते, हे लक्षात ठेवा!

उपाय दोन. एक, पहाटे काम करा. दोन, तेल आणि मणी एकाच खोलीत, एकाच वेळी तपासा. तेल सकाळी मोजलं आणि मणी दुपारी बघितले असं नको.

होटगीरोड | बुधवार, सकाळी ८:०५

आणि रिफ्रॅक्टोमीटरच नसेल तर? सगळ्यांकडे कारखाना नसतो.

वैदेही_भौतिक | बुधवार, सकाळी ११:३०

हा प्रश्न मला फार आवडला. यंत्राशिवाय होतं.

ज्यांचा अपवर्तनांक पक्का ठाऊक आहे असे दोन स्फटिक घ्या. साधं मीठ, सोडियम क्लोराइड, १.५४४. आणि पोटॅशियम क्लोराइड, १.४९०. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या कपाटात ते असतंच. खताचं लाल पोटॅश नको, आणि 'कमी सोडियमचं' मीठही नको, त्यात दोन्ही मिसळलेली असतात. दोन्ही स्फटिक घनाकृती जातीचे आहेत, म्हणजे कुठल्याही दिशेने बघा, अपवर्तनांक एकच. तेलात विरघळत नाहीत. अपवर्तनांक उन्हाने हलतो तोही अंशामागे ०.००००४ च्या आसपास, तेलाच्या दहाव्या हिश्श्याइतका. दोन्ही आधी तव्यावर कोरडे करून घ्या.

आता एरंडेलात जास्त अपवर्तनांकाचं तेल थोडं थोडं घालत जा. पोटॅशियम क्लोराइडचे कण दिसेनासे होतील ते मिश्रण क्रमांक एक. अजून घालत जा, मिठाचे कण दिसेनासे होतील ते मिश्रण क्रमांक दोन. लवंग तेल १.५३ लाच संपतं, मिठापर्यंत पोचत नाही, म्हणून इथे दालचिनीच्या सालीचं तेल लागेल, ते १.६० च्या घरात असतं. पानांचं नको. पानांच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असतं, म्हणजे पुन्हा लवंगच. हे तेल कातडीला झोंबतं, हातमोजे घाला.

मिश्रण एक म्हणजे १.४९०, मिश्रण दोन म्हणजे १.५४४. चार भाग एक आणि एक भाग दोन घेतलं की १.५०१. तुमचं परीक्षेचं तेल तयार. निम्मं-निम्मं घेतलं की १.५१७.

यातली खरी गंमत म्हणजे खोलीत ४२ अंश असोत की २२, फरक पडत नाही. गरमीने तेलाचा आकडा उतरला तर दालचिनीचे दोन थेंब जास्त लागतील, पण कण गायब झाला की आकडा तोच. फक्त मिश्रण आणि मणी एका बैठकीत संपवा.

गारगोटी | बुधवार, दुपारी १२:१०

वैदेही, शाब्बास. आमच्या पिढीने हे संच मुंबईहून मागवले असते आणि वाट बघत बसलो असतो.

पट्टेवाला_६५ | बुधवार, दुपारी १२:४५

ताई, वहीत उतरवून घेतलं. एक शंका. 'दिसेनासा झाला' हे ठरवायचं कसं? थोडं तरी दिसतंच की.

वैदेही_भौतिक | बुधवार, दुपारी ३:००

बरोबर, पांढऱ्या उजेडात पूर्ण गायब कधीच होत नाही. कारण तेल निळ्या उजेडाला जास्त वाकवतं आणि लाल उजेडाला कमी. काचही तसंच करते, पण तेलापेक्षा कमी प्रमाणात. दोघांची जुळणी पिवळ्यावर झाली की निळ्यासाठी तेल वरचढ आणि लालसाठी काच वरचढ. म्हणून कडेला दोन रंगीत रेघा दिसतात. अंतर वाढवलं की नारिंगी रेघ कणाच्या आत जाते आणि निळसर बाहेर तेलात. हे दिसलं की समजा जुळलं. पुस्तकांतले आकडे सोडियमच्या पिवळ्या उजेडाचे, ५८९ नॅनोमीटरचे असतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सोडियम दिवा असेल तर रंग उरतच नाहीत, कण खरोखर मिटतो.

मायक्रोस्कोपशिवायही एक झलक बघता येते. परीक्षानळीत फोडलेल्या काचेचं चूर्ण भरा, जुळत आलेलं तेल ओता आणि खिडकीकडे धरून आरपार बघा. ज्या रंगावर जुळणी झाली तोच रंग सरळ पार येतो, बाकीचे विखुरतात. नळी हातात धरून गरम केली की रंग बदलत जातो. क्रिस्तियानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १८८४ मध्ये हे दाखवलं, आणि आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९४९ मध्ये या प्रयोगाच्या उपपत्तीवर लिहिलं. पास-नापास ठरवायला ते लागत नाही, पण एकदा जरूर बघा.

ठिपके_रेघा | बुधवार, रात्री ८:२०

मध्येच घुसते, माफ करा. गड्ड्याच्या वेळी, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, नंदीध्वजाच्या वाटेवर आमचा गट रांगोळी घालतो. शिरगोळ्याची रांगोळी म्हणून विकतात ती कधी मऊ असते, कधी हाताला काचेसारखी खरखरीत लागते. यात काय आहे ते याच पद्धतीने कळेल का?

गारगोटी | बुधवार, रात्री ९:१०

कळेल, ताई. खरखरीत असेल ती बहुतेक गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ. मऊ असेल ती कॅल्साइट किंवा डोलोमाइट. क्वार्ट्‌झचा अपवर्तनांक १.५४४ ते १.५५३, म्हणजे मिठाला जुळणाऱ्या तेलात तो जवळजवळ मिटतो. कॅल्साइटला मात्र दोन अपवर्तनांक असतात, १.४८६ आणि १.६५८. तो कुठल्याच एका तेलात पूर्ण मिटत नाही. पोलरॉइडचा गॉगल मध्ये धरून फिरवला की त्याचे कण उठून दिसतात, मावळतात, पुन्हा उठतात.

तेलाच्या भानगडीत पडायचं नसेल तर लिंबू पिळा. कॅल्साइट फसफसतो, क्वार्ट्‌झ ढिम्म राहतो. डोलोमाइट मात्र फारसा दाद देत नाही. क्वार्ट्‌झची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. चाळताना नाकाला रुमाल बांधा.

शेंगाचटणी | बुधवार, रात्री ९:३०

सर, पिठीसाखरेचं काय? हलवाई काय मिसळतो ते बघायचंय.

गारगोटी | बुधवार, रात्री ९:४२

साखरेला तीन अपवर्तनांक, १.५३८ पासून १.५७१ पर्यंत. पाण्यात विरघळवून बघ बाबा, खाली काय राहतं ते.

पट्टेवाला_६५ | रविवार, सकाळी १०:१५

मंडळी, झालं! भाचा आणि मी सकाळी लवकर कॉलेजात बसलो, त्याच्या सरांनी परवानगी दिली होती. दालचिनीचं तेल मिळायला वेळ लागला. चार-एकच्या मिश्रणात आमचा माल टाकला, रेघ सरळ आत. निम्म्या-निम्म्या मिश्रणात कण जवळजवळ गेलेच, कडेला नारिंगी आत आणि निळं बाहेर, ताईंनी लिहिलं तसंच. म्हणजे १.५१७ च्या आसपास. जुन्या लॉटचे मणीही ठेवले, तेही तिथेच.

मग नवा पट्टा मंद का?

गारगोटी | रविवार, सकाळी ११:००

मला थोडी शंका होतीच. असले मणी बहुधा खिडकीच्या काचेचा चुरा वितळवून करतात. ती सोडा-चुन्याची काच १.५१-१.५२ च्या आसपासच असते, आकडा चुकणं अवघड. जास्त परत फेकणारे १.९ वालेही मणी असतात, पण त्यांची काच वेगळी आणि वजनाला बरीच जड, घनता ४ च्या पुढे. तुमच्या काचेची २.५ असेल.

अख्खे मणी तेलात टाकून बघा. आत काळी जाड कड असलेले गोल दिसले तर ते हवेचे बुडबुडे. काच आणि हवा यांचा फरक मोठा, म्हणून कड इतकी काळी. दुधट मणी, दोन-दोन चिकटलेले, लांबट, टोकदार किती आहेत तेही बघा. उजेड परत फिरवण्याचं काम गोल आकार करतो. आकडा बरोबर आणि आकार वाकडा असेल तर उपयोग शून्य.

होटगीरोड | रविवार, दुपारी १२:३०

आता माझं ऐका. मणी अर्ध्याहून थोडा जास्त पट्ट्यात रुतायला पाहिजे. पट्टा जास्त गरम असताना मणी टाकला की बुडतो, थंड झाल्यावर टाकला की पहिल्याच आठवड्यात टायरला चिकटून जातो. ह्या उन्हात डांबरच तापलेलं असतं, पट्टा थंड व्हायला वेळ लागतो, पोरं घाईने मणी ओततात. भिंग घेऊन रस्त्यावर वाका, तेलात वाकण्यापेक्षा.

ब्रिक्समामा | रविवार, दुपारी १:१५

होटगीरोड, शेवटी भिंगावर आलात बघा.

अजून एक. ओला पट्टा बघून निकाल देऊ नका. पाण्याखाली काचेचा परिणाम १.५२ भागिले १.३३, म्हणजे १.१४ इतकाच उरतो. पावसात चांगला पट्टाही म्हणून दिसत नाही.

पट्टेवाला_६५ | रविवार, रात्री ९:२५

अख्खे मणी बघितले. नव्या लॉटमध्ये तांदळाच्या कणीसारखे लांबट बरेच आहेत, जुन्यात फार कमी. किती टक्के ते कसं काढू? मालकांना आकडा लागतो.

वैदेही_भौतिक | रविवार, रात्री ९:५०

गुळगुळीत काचेची पट्टी किंचित तिरकी ठेवा आणि हळूहळू थरथरू द्या. वरून चिमूट-चिमूट मणी सोडा. गोल असतील ते घरंगळत खाली जातात, वेडेवाकडे वर सरकत अडकून राहतात. प्रयोगशाळेतलं यंत्रही याच तत्त्वावर चालतं. दोन्ही ढीग नाजूक वजनकाट्यावर तोला, टक्केवारी निघाली. पट्टीचा उतार दोन्ही लॉटना एकच ठेवा. जुना लॉट आधी करा, म्हणजे नव्याची तुलना कशाशी करायची ते हातात राहील.

बिलाचं भांडण होणार असेल तर मात्र घरचा आकडा चालणार नाही. दोन्ही पोत्यांतून पुरवठादाराच्या माणसासमोर नमुने काढा, सीलबंद करा आणि एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्या. अर्जात अपवर्तनांकाबरोबर गोलाईची चाचणीही मागा, नाहीतर ते १.५१ लिहून देतील आणि पुरवठादार तोच कागद फ्रेम करून लावेल.

पट्टेवाला_६५ | रविवार, रात्री १०:०५

गोलाई आधी लिहितो. थरथरायला मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून चालेल का, ताई?

वैदेही_भौतिक | रविवार, रात्री १०:०९

चालेल. फोन करत राहायला भाच्याला बसवा.